डोक्याकडची दोरी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मुरलीधर सातपुते हे इतके सरळ गृहस्थ आहेत, की त्यांच्याशी भांडताच येत नाही. आणि कुणाशी भांडता आलं नाही की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मूळचे मिरजेचे. नर्सिंगला गेले तेव्हा गल्लीतल्या पोरांनी चिडवून चिडवून बेजार केलं, पण हे आपले नाकासमोर चालत राहिले आणि दोन हजार एक साली थेट ब्रिस्टलला पोचले. तिथे एकाच हॉस्पिटलात जवळजवळ वीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शिरा शोधत बसले. माझी बहीण अर्चना म्हणायची, "ह्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही गं नंदा, शीर राहते."

अर्चना गेली. मुलगी कॅनडात. मला वाटलं, भाऊजी आता आमच्याकडे लंडनला, हॅरोत येतील. मी आमच्या मागच्या रस्त्यावर एक फ्लॅटसुद्धा बघून ठेवला, तळमजल्याचा, स्टेशनपासून सात मिनिटांवर. भाऊजींनी काय करावं? स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एक बेट आहे, तिथल्या दवाखान्यात नर्सची जागा निघाली होती, तिथे अर्ज टाकला. सत्तावन्नाव्या वर्षी! मी फोनवर तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "अगं, तिकडे वारा इतका आहे म्हणतात, की घरात एकटं असल्यासारखं वाटत नाही."

त्या बेटाचं नाव मी सांगणार नाही. साडेपाचशे माणसांचं बेट. नाव सांगितलं तर माणसं ओळखू येतील, आणि ही गोष्ट त्यांच्या रक्ताची आहे. ज्या मुलीची आहे तिला विचारूनच लिहिते आहे. माणसांची नावं मात्र मी बदलली आहेत, एक भाऊजींचं सोडून. त्यांनी बदलू दिलं नाही.

तिथे जाणं म्हणजे एक यज्ञच. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनची लोकल, मग ग्लासगोची गाडी, मग दुसरी गाडी, मग बोटीत साडेपाच तास पोटातलं सगळं ढवळून घ्यायचं. मी दर वर्षी मार्चमध्ये जाते. बेटावर एक दुकान, एक शाळा, दोन चर्च आणि असंख्य मेंढ्या. रविवारी, देवाच्या दिवशी, कपडे वाळत घालायचे नाहीत, हे मला पहिल्या खेपेला माहीत नव्हतं. मी घातले. भाऊजी धावत बाहेर आले आणि ओले कपडे काखेत मारून आत पळाले. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना तेवढंच पाहिलं.

बेटावर अर्धी माणसं मॅकलाउड, आणि पहिली नावंही मोजकीच. त्यामुळे प्रत्येकाला एक टोपणनाव लागतं. भाऊजींचं मुरलीधर कुणाला जमेना, तेव्हा त्याचं मर्डो झालं, आणि रक्त काढतात म्हणून 'मर्डो ब्लड'. दुकानातली बाई मला 'मर्डो ब्लडची मेहुणी' म्हणून ओळखते. हॅरोच्या कौन्सिलात, म्हणजे नगरपालिकेत, सव्वीस वर्षं हाउसिंग ऑफिसर म्हणून काढली, आणि शेवटी ही ओळख.

त्या बेटावर एक आजार आहे. पिढ्यान्‌पिढ्या तीच घरं आपापसात लग्नं करत आली की रक्तातली एखादी उणीव घरोघर पोचते. कुणाचा दोष नसतो. समुद्र आडवा असतो, दुसरं काय. इथली उणीव रक्त गोठण्यातली. भाऊजींनी मला ती स्वयंपाकघरातच समजावली होती. "दही लागतं, पण घट्ट बसत नाही. जरा हलवलं की फुटलं. तसं ह्यांचं रक्त. गोठतं, पण गोठलेलं टिकत नाही. साध्या टेस्टमध्ये नॉर्मल दिसतं." आई आणि वडील दोघांकडून उणीव आली तरच मूल आजारी. एकाकडूनच आली, तर माणूस धडधाकट. फक्त ती पुढे देऊ शकतो. आजारी मुलाची पहिली खूण म्हणजे नाळ पडली की बेंबीतून रक्त यायला लागतं आणि थांबत नाही. पुढे डोक्यात रक्तस्राव होण्याची भीती. आणि गंमत अशी, की उपाय सोपा आहे. महिन्यातून एकदा एक इंजेक्शन, जन्मभर. पण आधी माहीत पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी हेक्टर म्हाताऱ्याच्या पुतण्याच्या घरी असं एक मूल जन्मलं आणि ग्लासगोच्या डॉक्टरांनी ओळखलं. मग ठरलं, की कुणाकुणाचं रक्त तपासायचं त्यासाठी बेटाचा वंशवृक्ष काढायचा. काम आलं भाऊजींकडे. माणूस असा खुलला म्हणता! जेवणाच्या टेबलावर चार कागद चिकटवून भला मोठा तक्ता. पुरुष चौकोन, बाई गोल.

"नंदा, इथे किती इझी आहे बघ," ते मला म्हणाले होते. "ह्यांची नावं आपल्यासारखीच. कॅलम अँगस मॅकलाउड. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. नाव सांगितलं की बाप आलाच त्यात!"

मलाही ते इतकं बरोबर वाटलं, की माझं तोंड उघडलं नाही, आणि हे क्वचित घडतं. माझ्या बँकेच्या कार्डावर नंदा शशिकांत आहे. मधलं नाव नवऱ्याचं. हे स्वतः मुरलीधर पुरुषोत्तम. आपल्याकडे मधल्या नावात माणसाचा अख्खा पत्ता असतो. जगात दुसरीकडे तसं नसेल, हे डोक्यात यायला आधी शंका यावी लागते, आणि आम्हाला शंका आलीच नाही.

तो तक्ता झाला. ज्या फांद्यांत उणीव असू शकते त्यांना बोलावून रक्त घेतलं. उरलेल्यांच्या नावापुढे भाऊजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'संबंध नाही'.

आता कर्स्टीबद्दल सांगते. ही शाळेतली शिक्षिका, एकोणतीस वर्षांची, लाल केसांची, बोलायला फटकळ. त्यामुळे मला पहिल्याच भेटीत आवडली. तिच्या रक्तात उणीव सापडली होती. पण तिचा नवरा कॅलम अँगस मच्छीमार बोटीवर असायचा, रक्त घेतलं त्या आठवड्यात तो समुद्रात होता. भाऊजींनी तक्ता पाहिला. अँगस म्हणजे धक्क्यावर बोटींचं काम बघणारा अँगस मॅकलाउड. त्याचे वडील बाहेरून आलेले, बेटावरच्या मॅकलाउडांशी त्यांचं काही नातं नाही. कॅलमची आई त्याच्याच ऑफिसात काम करायची आणि शेजारीच राहायची. दोघं नवराबायको असतील, नसतील, वेगळी झाली असतील. विचारणं बरं दिसत नाही म्हणून भाऊजींनी विचारलं नाही. तर कॅलमच्या नावापुढेही 'संबंध नाही'. कर्स्टीला दिवस राहिले, तेव्हा तिने भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, काळजी करू नकोस, कॅलमच्या घरात हे नाही. मग तिने बाळंतपण घरीच करायचं ठरवलं.

मी ह्या मार्चमध्ये गेले, तेव्हा तिला नववा लागला होता. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी हेक्टर म्हातारा वारला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. भाऊजी अखेरचे सहा महिने रोज सकाळी त्याच्या घरी जात होते, त्या वेळी तिथे म्हाताऱ्याच्या बायकोशिवाय कुणी नसे. म्हणून आम्ही अंत्ययात्रेला गेलो. पूर्वी तिथे बायका कबरीपर्यंत जात नसत, आता जातात. वारा असा, की माझी शाल दोनदा उडून एका मेंढीवर गेली.

तिथे एक पद्धत आहे. शवपेटीला आठ दोऱ्या असतात आणि पेटी खाली सोडताना त्या आठ माणसं धरतात. कोण कुठली धरणार ते आधीच ठरलेलं असतं, कार्डावर नंबर लिहून देतात. नंबर एक म्हणजे डोक्याकडची दोरी. ती सगळ्यांत जवळच्या माणसाची.

ती दोरी कॅलमने धरली.

मी भाऊजींना हळूच कोपराने ढोसलं. "भाऊजी, हा धक्क्यावरच्या अँगसचा ना? मग डोक्याकडे हा कसा? आपल्याकडे अग्नी देतो तसंच झालं की हे. घरचंच माणूस पाहिजे ना?"

 मी वर पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पेटी खाली गेली, दोऱ्या सोडल्या, लोक पेगीला भेटू लागले. पेगी म्हणजे हेक्टरची बायको, चौऱ्याऐंशीची, काठीसारखी ताठ. भाऊजींनी शेजारच्या माणसाला विचारलं, "कॅलम हेक्टरचा कोण?"

तो माणूस चकित झाला. "नातू. नॉर्मनचा मुलगा. नॉर्मन बुडाला तेव्हा कॅलम तीन वर्षांचा होता."

"मग अँगस?"

"ते त्याच्या मामाचं नाव. मामा कोळंबीच्या बोटीवर होता, छान माणूस. त्याचं नाव मध्ये घातलंय."

म्हणजे कॅलम थेट हेक्टरच्या फांदीवरचा. उणीव आहे त्याच फांदीवरचा. तो तपासायचाच राहिला होता, आणि त्याच्या बायकोला तीन आठवड्यांनी घरातल्या पलंगावर बाळंत व्हायचं होतं. तिथे ना ते इंजेक्शन, ना ह्या आजाराचा डॉक्टर.

घरी आल्याआल्या भाऊजींनी ग्लासगोच्या डॉक्टरबाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाईंनी सांगितलं, उद्याच्या विमानाने कॅलमचं रक्त पाठवा. फोन ठेवून ते तक्त्यासमोर बसले. चहा गार झाला.

आता मी काय केलं तेही सांगून टाकते, लपवण्यात अर्थ नाही. सव्वीस वर्षं कौन्सिलात काढल्यावर माणसाला एक सवय लागते. मी म्हटलं, "भाऊजी, ऐका माझं. सगळं सांगायची काय गरज आहे? 'रुटीन टेस्ट राहिली होती' म्हणा आणि ब्लड घेऊन या. निगेटिव्ह आली तर विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाहीतर कम्प्लेंट होईल, इन्क्वायरी होईल, ह्या वयात नोकरी जाईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"नंदा, ती पोरगी आठ महिने निवांत झोपली, कारण मी तिला झोप म्हणालो. आता तिला मीच उठवायला पाहिजे ना?"

सकाळी आम्ही कर्स्टीकडे गेलो. मी बाहेर गाडीत थांबते म्हटलं, तर म्हणाले, ये, कुणीतरी माझ्या बाजूचं असलेलं बरं. आत कॅलम होता, आजोबा गेल्यामुळे पेगीही त्यांच्याकडेच येऊन राहिली होती. भाऊजी बसले नाहीत. उभ्या उभ्याच सांगितलं, इंग्लिशमध्ये, एक शब्द न गिळता. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं. मी तेच धरून चाललो. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चूक माझी आहे, दवाखान्याची नाही.

कर्स्टीने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, मर्डो. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालास, काळजी करू नकोस."

"हो."

"कॅलमचं रक्त घे आणि जा."

कॅलमने बाही वर केली. भाऊजींनी रक्त घेतलं. शीर पहिल्याच टोचणीत सापडली. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा कोपऱ्यातून पेगी बोलली, पहिल्यांदाच.

"मर्डो. हे बेंबीचं. हे रक्तातून येतं?"

"रक्तातून येतं, पेगी. आईवडील दोघांच्या."

"बांधण्यातून नाही?"

भाऊजी परत आत आले आणि आता खाली बसले, तिच्या खुर्चीजवळ, जमिनीवर. तिने सांगितलं ते कॅलमलाही माहीत नव्हतं. नॉर्मनच्या आधी तिला दोन मुलं झाली होती. एक मुलगा नऊ दिवसांचा, एक मुलगी अकरा दिवसांची. दोघांच्या बेंबीतून रक्त गेलं. तेव्हाची सुईण म्हणाली, नाळ नीट बांधली नाहीस, नीट काळजी घेतली नाहीस. सासू तेच म्हणाली. पेगीने ते खरं मानलं आणि पुन्हा कधी कुणाजवळ त्या मुलांचं नाव काढलं नाही. भाऊजींच्या तक्त्यात ती दोन मुलं नव्हती. हेक्टरच्या नावाखाली एकच चौकोन होता, नॉर्मनचा.

माझे डोळे भरून आले आणि मी खिडकीकडे तोंड केलं. साठ वर्षं! साठ वर्षं ही बाई मनात हे घेऊन त्या बेटावर चालत होती, आणि ती दोन थडगी तिच्या चर्चच्या वाटेवर होती.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅलमच्या रक्तातही उणीव होती. बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. कर्स्टीला त्याच दिवशी ग्लासगोला हलवलं. ती भाऊजींचा निरोप न घेता गेली. तिचं बरोबरच होतं, पण भाऊजी धक्क्यावर लांब उभे राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, आणि मला कर्स्टीचा राग आला. माणूस आपल्या माणसाच्या बाजूने रागावतो, त्याला काही न्याय नसतो.

चौकशी झाली. भाऊजींना लेखी ताकीद मिळाली आणि तक्ता दुसऱ्या कुणीतरी घरोघर जाऊन पुन्हा काढावा असं ठरलं. मी हॅरोला परतले. एका रविवारी त्यांचा फोन आला. "तो फ्लॅट अजून आहे का गं? मी राजीनामा लिहून ठेवलाय. ड्रॉवरमध्ये आहे." चार वर्षं मी ज्यासाठी त्यांच्या मागे लागले होते ते हेच, पण मला तीळभरही आनंद झाला नाही. मी सांगितलं, फ्लॅट गेला. गेला नव्हता.

एप्रिलच्या मध्याला बाळ झालं. मुलगी. डॉक्टर तयारीत होते, नाळेतलं रक्त ताबडतोब तपासलं. चारातली ती एक हीच निघाली. पहिलं इंजेक्शन जन्मल्या दिवशी दिलं. बेंबीतून थेंबही आला नाही.

हे मला भाऊजींनी सांगितलं, आणि त्यांना कर्स्टीने. तिने फोन केला होता. म्हणाली, डॉक्टर विचारतायत की महिन्याचं इंजेक्शन बेटावर कोण देणार. मुख्य भूमीवरून दर महिन्याला कुणाला तरी विमानाने पाठवता येईल. भाऊजी म्हणाले, "तेच चांगलं." ती म्हणाली, "मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे, मर्डो. पण स्वतःची चूक सांगायला चालत आलेला नर्स मला एकच माहीत आहे. आणि तुला शिरा सापडतात. तू दे."

जूनमध्ये बाळाचं बेटावरचं पहिलं इंजेक्शन होतं. मी पुन्हा ते साडेपाच तास पोट ढवळून घेतलं आणि गेले. कारण विचारू नका. मला राहवलं नाही.

दवाखान्याच्या त्या लहानशा खोलीत आम्ही सगळे. कर्स्टीच्या मांडीवर बाळ, कॅलम तिच्या मागे, पेगी काठी टेकून खुर्चीत. मुलीचं नाव इथे सांगत नाही. पण कॅलम म्हणाला, ते पेगीच्या त्या मुलीचं आहे, अकरा दिवसांच्या. भाऊजींनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. बाळाच्या हातावरची ती शीर म्हणजे शिलाईच्या दोऱ्याएवढी.  त्यांनी आपल्या हातांनी तो इवलासा हात आधी ऊबदार केला. मिरजेची भाषा आली तोंडातून. "आलं हं, आलं. झालं बघ. शहाणं माझं ते." बाळ रडलं, एकदाच, जोरात. औषध आत गेलं. सुई निघाली. भाऊजी कापूस धरून बसले, घड्याळाकडे बघत. पाच मिनिटं म्हटलं होतं, दहा मिनिटं धरला. कापूस उचलला, तेव्हा एक लाल ठिपका, बस्स.

पेगी उठली. कर्स्टीला काही न विचारता तिने बाळाचा अंगरखा वर केला आणि बेंबी बघितली. दोन महिने झाले होते, ती केव्हाच भरून आली होती, गोल आणि कोरडी. पेगीने तिच्यावर बोट ठेवलं. मग बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"झालं?" तिने भाऊजींना विचारलं.

"झालं."

"आता महिनाभर काही नाही?"

"काही नाही."

ती भाऊजींच्या हातातल्या रिकाम्या सिरिंजकडे बघत राहिली. करंगळीएवढी ती सिरिंज.

"एवढंच लागत होतं?" पेगी म्हणाली.